दानीचा शर्ट

रविवार होता, मिलला सुट्टी. नळ यायला वेळ होता म्हणून हंडा नि दोन कळश्या रांगेत लावून मी गॅलरीत परत आले, तर आई भिंतीला टेकून बसलेली. पाय लांब केलेले, मांडीवर दानीची पँट, हातात अर्धं ब्लेड. शिवणीवर ब्लेड टेकवायची, टाका तुटायचा, मग पुढचा. आणि तोंडाने गुणगुणत होती.

माझं डोकंच फिरलं.

दानी माझा भाऊ. पूर्ण नाव दानिएल, पण चाळीत सगळ्यांचा दानीच. वीस वर्षांचा होता. एकवीस नोव्हेंबरला संयुक्त महाराष्ट्रासाठी संप झाला, लालबाग-परळचे कामगार मोर्चाने फ्लोरा फाउंटनला गेले, त्यात हा पण गेला. तिथे गोळीबार झाला. दानीला डाव्या खिशाखाली लागली. हॉस्पिटलातून आम्हाला एक गाठोडं मिळालं. शर्ट, पँट, पट्टा आणि एका पायातली चप्पल. दुसरी कुठे गेली कोणाला माहीत नाही.

त्याला अजून दोन आठवडे पुरे झाले नव्हते आणि ही गुणगुणत होती.

"काय करतेस?"

"गोधडी घालते. लहानशी."

"कोणाला?"

"बेबीला दिवस भरत आले ना."

बेबी म्हणजे योहानची बायको. आमच्याच चर्चची माणसं. परळला मिशनच्या शाळेचा हॉल आहे, तिथे आमची उपासना भरते. योहान आणि दानी शेजारी शेजारी बसायचे, एकाच गीतपुस्तकात बघून गायचे, दानी वरचा आवाज, योहान खालचा. आणि योहान पोलिसात शिपाई. नायगावच्या पोलीस लाइनीत राहतो. एकवीस तारखेला त्याचा बंदोबस्त फाउंटनलाच होता.

"त्याच्या पोराला?" मी ओरडले. "दानीची पँट? तुला वेड लागलंय का?"

"पँट जाड आहे. आतल्या थराला बरी. वर शर्ट घालीन, तो मऊ आहे."

माझं ओरडणं ऐकून शेजारची राधाकाकू बाहेर आली. तिला बाहेर यायला एवढंसं निमित्त पुरतं. कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"मालन, अगं गेलेल्याचं कापड बाळंतिणीच्या घरी? आमच्यात असलं कापड दारात पण ठेवत नाहीत, पाण्यात सोडतात."

"वापरून वापरून मऊ झालंय गं राधा. नवं कापड पोराला बोचतं."

राधाकाकूने माझ्याकडे बघितलं. आवाज खाली आणून, पण आईला ऐकू जाईल असा, बोलली, "इस्तू, तुझ्या आईला एकदा रडव गं बाई. नायतर डोक्यात जाईल तिच्या."

माझं नाव एस्तेर. राग नाकावर म्हणून चाळीने इस्तू केलं, म्हणजे विस्तव. सातवीत मास्तर मला बाटगी बोलले तर मी पाटी फेकून मारली. ती लागली नाही, पण शाळा सुटली. तेव्हापासून घर माझ्याकडे आणि मिल आईकडे. सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात आहे ती. बाप मी चार वर्षांची असताना गेला.

राधाकाकू एकटीच बोलत होती असं नाही. सगळी चाळ बोलत होती. शिवडीला दानीला मातीत ठेवला तेव्हापासून. चाळीतली पन्नास-साठ माणसं आली होती. त्यांना घोषणा द्यायच्या होत्या. पाळकसाहेबांनी प्रार्थना संपवली, चाळीतल्या अप्पांनी हात वर केला, "संयुक्त महाराष्ट्र" एवढं तोंडातून निघालं आणि त्याच टायमाला आईने गाणं उचललं. ती गाते पण केवढ्याने! मग दोन्ही एकदमच चाललं. इकडे घोषणा, तिकडे गाणं, मधे खड्डा. मी कशात पण नव्हते. मी खड्डा भरणाऱ्या माणसाच्या फावड्याकडे बघत होते. त्याचा दांडा तुटलेला होता, सुतळीने बांधलेला.

परत येताना बाया कुजबुजत होत्या. "गायली हो. पोटचा पोरगा, आणि गायली."

चौथ्या दिवशी आई कामावर गेली. आणि त्या दिवसापासून हे गुणगुणणं सुरू. भाकरी थापताना, धुणं पिळताना. चेहरा पण कसा, उतरलेला नाही. डोळे सुजलेले नाहीत. मी एक दिवस आरशात माझे बघितले, माझे पण नव्हते सुजलेले. पण मी निदान गुणगुणत तरी नव्हते.

त्या रविवारी दुपारी अप्पा आले. हे आमच्या चाळीचे पुढारी. मालवणकडचे. विव्हिंगमध्ये जॉबर, म्हणजे मागांवरचे मुकादम. तीस वर्षं कापडातले दोष काढण्यात गेली त्यांची. बोटाने कापड चाचपतात आणि कुठल्या मागावर निघालं ते सांगतात. दानी मेला त्या रात्री हॉस्पिटलच्या पायरीवर आमच्यासोबत बसलेलं एकच माणूस, अप्पा.

"काय गो चेडवा, आवस खंय?"

आई आतून आली. अप्पा खाली बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मालनबाय, एकवीस तारखेक म्हयनो भरता. मैदानात सभा आसा. दानीचो शर्ट व्हयो होतो."

"शर्ट?"

"काचेत घालून स्टेजार ठेवतलंव. लोकांनी बघूक व्हयो. भोक बघूक व्हयां. दानी काय तुझ्या एकटीचो झील नव्हतो. आमचो पण होतो."

खरं होतं ते. आई मान खाली घालून बसली. तिने शर्ट तीनदा सोड्याच्या पाण्यातून काढला होता. तरी भोकाभोवती तांबूस वर्तुळ राहिलं होतंच.

"बघते," ती बोलली.

"बघायचं काय त्याच्यात?" मी मधे पडले. "अप्पा, मी देते. एकवीसला दुपारी या, माझ्या हाताने देते."

अप्पांनी आईकडे बघितलं. ती पदराचं टोक सरळ करत होती. अप्पा टोपी घालून उठले, माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला फार बरं वाटलं. दानीसाठी कोणीतरी काहीतरी केलं असं वाटलं, आणि ते मीच केलं असं वाटलं.

पुढच्या आठवड्यात आई एक दिवस पाळी संपवून आली, केसांत कापूस तसाच, आणि कोनाड्यातली खोबरेलाची बाटली काढून माझ्या हातात दिली.

"चल, बेबीचे पाय सुजलेत."

"मी नाही येत."

"बरं."

ती चपला घालायला लागली. मग मीच बाटली घेऊन पुढे निघाले. मला योहानचं तोंड बघायचं होतं.

तो घरीच होता. गंजिफ्रॉक आणि खाकी हाफपँट, दारात उकिडवा बसून बूट घासत होता. आम्हाला बघून ताडकन उभा राहिला. एक हात बुटात घातलेला, तो तसाच. आत बेबी खाटेवर. पोट एवढं मोठं की तिला वळून पण बघता येईना.

"मालनमावशी, तुम्ही कशाला आलात?" एवढं बोलली आणि रडायलाच लागली.

"पाय दे," आई बोलली. खाली बसली, बेबीचं पाऊल मांडीवर घेतलं. मी बाटली उपडी केली, तेल आईच्या तळहातावर पडलं. पाऊल एवढं सुजलेलं की घोटा दिसत नव्हता.

आई चोळत राहिली. बाजाराचं विचारलं. पोट दुखतं का विचारलं. सासू गावाहून कधी येणार विचारलं. मी वाट बघत होते. आता विचारेल, मग विचारेल. योहान दारातच. बूट हातातून काढायचं पण त्याला सुचत नव्हतं.

"विचार ना," मी बोलले. "आई, विचार की त्याला."

"तेल दे अजून."

"तू नाही विचारत ना? मग मी विचारते. योहानदादा, तू झाडलीस?"

बेबीचं रडणं थांबलं. बाहेर कुठेतरी कवायतीची शिट्टी वाजत होती.

"आमच्या रांगेला हुकूम झाला," तो बोलला. "बंदुकीचा दस्ता खांद्याला बसला, एवढं कळलं. मग धूर. माझेच डोळे चुरचुरत होते. समोर कोण..." तो थांबला. "मला माहीत नाही गं, एस्तेर. खरंच माहीत नाही. माहीत असतं तर बरं झालं असतं."

मी आईकडे बघितलं. तिचा हात थांबला होता. अंगठा बेबीच्या पावलात रुतलेला. तिने तो काढला तर तिथे खड्डा पडलेला, भरून येईना. आई त्या खड्ड्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता उठेल. बाटली फेकेल. काहीतरी करेल.

तिने परत चोळायला घेतलं.

"मीठ कमी खा," बेबीला बोलली. आणि मान न वळवता योहानला, "चर्चला प्रभुभोजनाला आला नाहीस तू."

"कुठल्या तोंडाने येऊ, मावशी?"

"आहे त्याच. दुसरं कुठून आणणारेस?"

परत येताना मी रस्त्याच्या ह्या बाजूने आणि ती त्या बाजूने. घरी आलो, मी शेगडी पेटवली. कोळसा ओला होता, धूर झाला. ती पीठ मळायला बसली आणि गुणगुणायला लागली. मग मात्र माझा तोल गेला.

"दानी गेला त्याचा तुला आनंद झालाय का?"

तिचा हात वर आला. पिठाने भरलेला. मला वाटलं आता बसते थोबाडीत, आणि खरं सांगते, मला ती हवी होती. पण हात वरच राहिला, मग परातीत पडला.

"दार लोट," ती बोलली.

मी लोटलं.

"तीन दिवस मी देवाला काय काय बोलले ते सांगितलं तर तू कानांवर हात ठेवशील. आडवी-तिडवी बोलले. म्हटलं, तुझा पण पोरगा असाच मारला ना लोकांनी, भर रस्त्यातनं नेऊन? मग तुला कळायला नको होतं? म्हटलं, आता गाणंबिणं बंद. शिवडीला गायले ते नुसतं तोंड होतं. दानीला आवडायचं म्हणून."

ती पीठ मळत होती, आणि मळून झालेलं पीठ परत मळत होती.

"चौथ्या दिवशी खात्यात गेले. बॉबिनं फिरत होती. सूत तुटलं, मी गाठ मारली. परत तुटलं, परत मारली. आणि एकदम इथं," तिने छातीवर पिठाचा हात ठेवला, "इथं काहीतरी येऊन बसलं. खिडकीत पाखरू बसतं ना, तसं. हलकं. मी घाबरले. म्हटलं, हट्. पोराला मातीत घालून चार दिवस झाले, लाज नाही वाटत? हाकललं मी त्याला. जाईना. अजून आहे. दानी आठवला की माझं काळीज फाटतं पोरी, उभं फाटतं, आणि ते त्या फाटलेल्यातच बसून राहतं. उडत नाही. मलाच कळत नाही काय ते. पाळकसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, मालनबाई, आनंद तो हाच. मी म्हटलं, असला? म्हणाले, असलाच असतो, आणि तो आला की जात नाही."

तिचं लुगडं छातीवर पांढरं झालं होतं, पाच बोटांचं. मला काही म्हणजे काही कळलं नाही. ती खोटं बोलत नाही एवढं माहीत होतं, आणि म्हणून जास्तच राग येत होता. त्या दिवशी भाकऱ्या करपल्या. दोघींनी तशाच खाल्ल्या.

एकवीस तारीख बुधवारी आली. आई सकाळच्या पाळीला. अप्पा तीन वाजता येणार होते. मी दोन वाजता ट्रंक काढली. शर्ट नव्हता.

गाद्यांच्या खाली बघितलं, फळीवर बघितलं, पिठाच्या डब्यामागे बघितलं. मग वळकटी सोडली, तर त्यात ती गोधडी. हातभर लांब, हातभर रुंद. बाजूने आईच्या लग्नातल्या हिरव्या लुगड्याचे तुकडे आणि मधोमध निळ्या रेघांचा चौकोन. दानीचा शर्ट.

तिने कापला होता. मला न सांगता कापला होता.

अर्धं ब्लेड सुईच्या डबीत होतं. मी गोधडी पायाखाली धरली आणि कोपऱ्याला ब्लेड लावलं. टाके फटाफट तुटायला लागले. आईचे टाके म्हणजे मशीनने घातल्यासारखे. तांदळाएवढे, एकाला एक लागून, सरळ. दोन ओळी गेल्या, चार गेल्या. मी भोक शोधत होते. भोक सापडलं की तेवढा तुकडा अप्पांना द्यायचा, तेवढाच काचेत घालतील.

भोक सापडलं. आणि मी थांबले.

तिने त्याला ठिगळ लावलं नव्हतं. नुसतं त्याच्याभोवती शिवलं होतं. पण कसं! तांदळाएवढा टाका एक नाही. लांब, आखूड, तिरके, एकावर एक. तीनदा चारदा उसवून परत घातलेले, जुन्या सुईची भोकं तशीच. गाठीवर गाठ. एका ठिकाणी कापड गोळा झालेलं, एका ठिकाणी दोरा एवढा ओढलेला की कापड विरलं होतं. आणि दोन-तीन बारीक तांबूस ठिपके, हे नवीन होते, सुई बोटात गेल्याचे. माझी आई, जिची सुई डोळे मिटून चालते, तिच्या हातचं हे काम वाटतच नव्हतं. पहिल्यांदा सुई धरलेल्या पोरीने घातल्यासारखं दिसत होतं.

"इस्तू! झाला काय गो?"

अप्पा दारात. खाली रस्त्यावर मंडळी थांबलेली, झेंडे दिसत होते. मी उठले नाही. गोधडी मांडीवर, ब्लेड हातात. अप्पा आत आले, बघितलं, समजले. टोपी काढून माझ्याजवळ खाली बसले. कापड हातात घेतलं आणि सवयीने अंगठा फिरवला. लुगड्यावरून, रेघांवरून, सरळ टाक्यांवरून. भोकापाशी अंगठा अडला. मग परत तिथूनच फिरवला, हळू.

"हंय ती रडली," अप्पा बोलले, अंगठा तिथेच ठेवून.

खालून कोणीतरी ओरडलं, "अप्पा, चला, टाइम झाला!"

"येतंय रे!" अप्पा ओरडले, आणि मग मला, "आता तू सांग. कबूल तू केलंलंस. देतंस तर नेतंय. नाय तर नाय. माका राग नाय."

मला देऊन टाकायचं होतं. सगळ्या मैदानाने बघावं असं वाटत होतं, ते भोक आणि ते टाके पण. आणि कोणीच बघू नये असं पण वाटत होतं. दोन्ही एकदम. मी ब्लेड खाली ठेवलं. मग उठले, फळीवरची चप्पल काढली. एकच होती ती. पुढचा अंगठा तुटलेला, दानीने तारेने बांधलेला.

"ही चालेल?"

अप्पांनी चप्पल दोन्ही हातांनी घेतली.

"मी पण येते," मी बोलले. "मीच धरते. काचेत नको."

मैदानात माणसंच माणसं होती. मला स्टेजवर चढवलं. माइकवाला बोलला, ही आपल्या दानिएलची बहीण, दोन शब्द बोलेल. कोणी बोलायला लावलं तर म्हणून मी आठ दिवस मनातल्या मनात शब्द पाठ केले होते. खुनी, जुलूम, सूड, सगळं होतं त्यात. मी चप्पल वर धरली आणि माइकजवळ तोंड नेलं.

"दुसरी सापडत नाही," मी बोलले.

बस. पुढचं काही आलंच नाही. मैदान असं गप्प झालं की बाजूच्या झेंड्याचं फडफडणं ऐकू यायला लागलं. मी खाली उतरले. तेव्हा मागून, बायांच्या घोळक्यातून एक आवाज आला, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र!" आई होती. पाळी संपवून तशीच आलेली. आणि घोषणा कशी, तर चर्चमध्ये गाण्याची ओळ ओढतात तशी, लांबलचक, सुरात. एरवी कोणी हसलं असतं. सगळं मैदान उठलं आणि बोललं, "झालाच पाहिजे!" अप्पा हसत होते की डोळे पुसत होते, मला स्टेजखालून नीट दिसलं नाही.

घरी आलो. गोधडी तशीच पडलेली, एक कोपरा उसवलेला, दोरे लोंबत. आईने उचलली. मला वाटलं आता बोलणार. तिने सुईत दोरा ओवला आणि सुई माझ्या हातात दिली.

"मला सरळ येत नाही," मी बोलले.

"कोण म्हणालं सरळ घाल?"

मी शिवायला बसले. तिने पाय लांब केले, डोकं भिंतीला टेकवलं, डोळे मिटले. गुणगुणत होती. थोड्या वेळाने मला टाका दिसेना. मी रडत नव्हते. सुई नीट दिसत नव्हती, एवढंच. दोनदा बोटात गेली.

बेबीला शुक्रवारी मुलगी झाली. रविवारी नाताळ.

नाताळच्या सकाळी आई करंज्या तळून पातेल्यात रचत होती तर राधाकाकू ताट झाकून घेऊन आली. फणकाऱ्यातच होती.

"तुमच्यात काय करतात मला ठाऊक नाय. आमच्यात ज्या घरचं माणूस गेलं त्या घरात वर्षभर कढई चढवत नाहीत, शेजारी देतात. म्हणून आणल्या." मग तिचं लक्ष पातेल्याकडे गेलं. "अगं बया! तू तळल्यास पण?"

"आता तुझ्या आम्ही खातो, आमच्या तू ने," आई बोलली.

जाता जाता दारावरच्या कागदी चांदणीची दोरी ढिली झाली होती ती राधाकाकूने चवड्यांवर उभं राहून घट्ट बांधली. दर वर्षी ती चांदणी दानी लावायचा. ह्या वर्षी अप्पांनी लावली होती, जरा वाकडी.

चर्चला पोचलो तेव्हा हॉल भरलेला. ढोलकी सुरू झाली होती. आणि बाहेर, फाटकाशी, सायकलला टेकून योहान उभा. साध्या कपड्यात. आत जाईना, परत पण जाईना.

आईने पिशवीतून गोधडी काढून माझ्या हातात दिली.

"तू दे."

"मीच का?"

"मला आत जागा धरायचीय." आणि खरंच निघून गेली.

मी फाटकाशी गेले. तो माझ्याकडे बघेना, सायकलच्या घंटीकडे बघत होता.

"ही मुलीला," मी बोलले. "मधला दानीचा शर्ट आहे. एक कोपरा वाकडा आहे, तो माझा."

त्याने हात पुढे केला आणि मागे घेतला. परत पुढे केला.

"मला नाही घेता येत, एस्तेर."

"धर की! किती वेळ उभी राहू?"

त्याने घेतली. दोन्ही हातांनी, पोर घेतात तशी, मानेखाली हात घालून. उघडून बघितलं नाही. छातीशी धरून तसाच उभा राहिला, आणि मी वळून आत आले. थोड्या वेळाने दाराशी सावली पडली. मी मागे बघितलं नाही. पण बाकाच्या टोकाला, दानी बसायचा तिथे, कोणीतरी बसलं आणि लाकूड करकरलं.

गाणं चालू होतं. आई डोळे मिटून गात होती, गालांवरून पाणी वाहत होतं आणि तोंड हसत होतं. दोन्ही एकदम. मला परत राग आला. एक काहीतरी कर ना बाई, असं वाटलं. मग बाकाच्या टोकाकडून खालचा आवाज आला, घोगरा, मधेच तुटणारा. वरचा आवाज नव्हता. त्याची जागा रिकामीच होती, आणि ती रिकामी जागा पण ऐकू येत होती.

तेव्हा माझ्या छातीत काहीतरी येऊन बसलं. हलकं.

मी घाबरले. हट्, म्हटलं. जा इथून.

मी आईला सांगितलं नाही. कोणालाच नाही. अजून कधी कधी शेगडी पेटवताना, नळावर भांडताना, मधेच हात छातीवर जातो, बघायला, की गेलं का ते.